मागचे दोन स्पीकर मुके: दुरुस्ती करावी की साउंडबार आणावा?

खानापूरच्या मावसभावाचा परवा फोन आला. "दादा, होम थिएटरचे मागचे दोन्ही स्पीकर बंद पडलेत की. दुकानवाला म्हणतोय, हे काढून टाक आणि साउंडबार घे. काय करू?" साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा एकच लांबट स्पीकर. भावाचा संच जुना 5.1 चा: पुढे दोन, मधे एक, मागे दोन आणि कोपऱ्यात वूफर. म्हटलं, पैशाचं नंतर बघू. आधी सांग, एक बंद आहे की दोन्ही एकदम?

एकच गप्प असेल तर बहुधा वायर, जोड नाहीतर तो स्पीकर. दोन्ही एकदम गेले असतील तर बरेचदा काहीच बिघडलेलं नसतं, मागे जायला आवाजच आलेला नसतो. ब्लूटूथवरून मोबाइलची गाणी लावली तर चॅनल दोनच, डावा आणि उजवा. केबलवरच्या मराठी-कन्नड मालिकांचंही बहुतेक तेच. टीव्हीतून ऑप्टिकल केबलने किंवा एचडीएमआय एआरसी या सॉकेटातून अँपमध्ये (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या पेटीत) आवाज घेतला असेल आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'पीसीएम' राहिलं असेल, तर डॉल्बीचा, म्हणजे मागच्या स्पीकरचाही आवाज असलेला, सिनेमासुद्धा दोन चॅनलचा होऊनच बाहेर पडतो. तिथं 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' करायचं, म्हणजे टीव्ही आवाज आहे तसाच अँपकडे धाडतो. अँपवर 'स्टीरिओ' मोड चुकून दाबला गेला असेल तरी मागे सामसूम.

खात्री करायची तर टेस्ट टोन लावावा, बऱ्याच अँपमध्ये तो असतो. खरखर एकेका स्पीकरमधून फिरते. मागून आली की संच ठणठणीत, दोष सेटिंगचा. दुकानदारानं एवढं बघितलं असतं तर साउंडबार खपला नसता, ते सोडा.

खरखर मागे पोचलीच नाही तर एक पेन्सिल सेल घ्यावा. अँपचा प्लग काढायचा, मागच्या स्पीकरची वायर अँपपासून सोडवायची आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवायची. मागून 'टप्' आलं तर वायर आणि स्पीकर दोन्ही बरे, संशय अँपच्या त्या चॅनलवर. आलं नाही तर सेल घेऊन स्पीकरपाशी जायचं. तिथं टप् वाजलं तर वायर तुटलेली, तिथंही शांत तर स्पीकरच गेलेला. मल्टिमीटर असेल तर 8 ओहमचा चांगला स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो.

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी टप् आलं ते फक्त स्पीकरपाशी. सोफा ओढला तर उंदरानं वायर बोटभर सोललेली, आतली तांब्याची तारही तुटलेली. दुसऱ्या बाजूचा स्पीकर अधूनमधून बोलायचा, त्याची भानगड वेगळी. चार महिन्यांच्या पावसात क्लिपमधलं तांबं काळं-हिरवं पडलं होतं. तेवढं टोक कापलं, अर्धा इंच नवीन सोललं, तारा घट्ट पिळल्या आणि बसवलं. एक केसाएवढी तार शेजारच्या टोकाला चिकटली तरी शॉर्ट होऊन अँप प्रोटेक्शनला जातो आणि सगळाच संच बंद पडतो, म्हणून पिळताना घाई नको. खर्च दोन मीटर वायरीचा.

आता साउंडबार. त्याच्या बाजूनं बोलायचं तर मागे वायरीच नाहीत, एका एचडीएमआय केबलवर काम, आणि मालिकांतले संवाद टीव्हीच्या स्पीकरपेक्षा नक्कीच स्वच्छ. आईबाबांसाठी तेवढं पुरे. पण मागे स्पीकर नसलेला साउंडबार भोवतीचा आवाज बराचसा भिंतीवरून परतवून भासवतो, आणि वर तोंड असलेल्या ॲटमॉसवाल्याला (छतावरून परतवून वरचा आवाज भासवणाऱ्या बारला) सपाट, टणक छत लागतं. भावाच्या घरावर कौलं आहेत, एका बाजूला भिंतीऐवजी पडवी उघडी. तिथं आवाज परतणार कुठून? टिळकवाडीतल्या स्लॅबच्या बंद खोलीत तोच बार पुष्कळ बरा वाजेल. मागच्या वायरलेस स्पीकरसकटचे संच मिळतात, पण त्यांतल्या बहुतेकांना मागेही विजेचा प्लग लागतो, ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

तेव्हा माझा कौल असा. दोष सेटिंगचा, वायरीचा किंवा एका स्पीकरचा असेल तर जुनाच संच ठेवावा. नवीन स्पीकर घेताना जुन्यामागे छापलेले ओहम जुळवून घ्यावेत. छोट्या संचांचे 3 किंवा 4 ओहमचे असू शकतात. अँपचा चॅनलच गेला असेल तर दोन वाटा. वेगळा एव्ही रिसीव्हर (सुट्या स्पीकरना जोडायची अँपची पेटी) असेल तर दुरुस्ती विचारून बघण्यासारखी. सगळं एकत्र असलेला, स्पीकर जोडायला खास प्लग असलेला स्वस्त संच असेल तर पार्टसाठी कोल्हापूरपर्यंत हेलपाटे घालू नयेत, तेव्हा खुशाल साउंडबार घ्यावा. स्वतः झाकण मात्र उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

मधला स्पीकर मुका असेल तर थांबू नका. सिनेमातले संवाद मुख्यतः त्यातूनच येतात. गाणं दणक्यात वाजतं आणि नायक नुसतेच ओठ हलवतो. दुरुस्ती होईपर्यंत अँपच्या सेटअपमध्ये सेंटर 'नन' (म्हणजे 'नाही') केला की संवाद डाव्या-उजव्यात वाटले जातात.

भावानं रात्री परत फोन केला. पीसीएमच होतं. आता तो म्हणतोय, डावा थोडा खरखरतोय. त्याला सांगितलंय, वायरीचं टोक नव्यानं सोलून बसव, उंदरापासून वाचायला वायर केसिंगपट्टीतून ओढून घे, आणि वळीव गडगडायला लागला की प्लगबरोबर डिशची केबलही काढून ठेव.