सोलापूर रोडवरची सायकसवाली नर्सरी: चार स्टार, पाचवा का कापला तेही सांगतो

आधीच सांगतो, गुलाब, जास्वंद, मोगरा घ्यायचा असेल तर हा रिव्ह्यू वाचू नका. पुण्याचं हडपसर सोडलं की उरुळी कांचनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, सगळीकडे साधारण तोच माल आणि तोच भाव, कुठेही गाडी थांबवा. मी लिहितोय ते फक्त सायकससाठी, म्हणजे जाड गड्ड्यावर पिसासारख्या पानांचा झुपका असलेलं, सागो पाम म्हणून विकलं जाणारं ते झाड. टेरेसवर नाहीतर बंगल्याच्या पुढच्या वावभर जागेत सायकस जमवणारे येडे लोक आपल्यात कमी असतील पण आहेत, आणि त्यांच्यासाठी ही जागा भारी आहे, कारण इथे झाड पिशवीतून बाहेर काढून मुळं बघू देतात. बास, माझे चारातले तीन स्टार एवढ्यालाच आहेत.

ज्यांना यात काय विशेष असं वाटतंय त्यांच्यासाठी. सायकस हे फार लबाड झाड आहे. गुलाबाची मुळं गेली तर आठवड्यात कळतं, सायकसच्या गड्ड्यात एवढं पिठूळ अन्न साठवलेलं असतं की खाली मुळं सडून संपली तरी वरची पानं कित्येक महिने हिरवीगार राहतात, तुम्ही रोज बघून खूश होता, आणि मग एक दिवस मधला कोंब हाताला लागतो आणि उपसून येतो. त्यामुळे नर्सरीत पानं बघून सायकस घेणं म्हणजे नुसता जुगार. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांत माल येतो आंध्रातल्या कडियमहून, ट्रकमध्ये एकावर एक रचून, मोठी झाडं जमिनीतून उकरलेली, मुळं छाटलेली, भोवती चिकट मातीची हुंडी, वर गोणपाट. ती हुंडी वाळली की दगड होते, वरून घातलेलं पाणी कडेनं निघून जातं आणि आतली मुळं कोरडी ती कोरडीच. उलट सतत ओली राहिली तर गड्डा खालून कुजतो. दोन्ही वेळा वरून झाड मस्तच दिसतं!

बाकी ठिकाणी पिशवी काढायचं नाव काढलं की "साहेब, हुंडी फुटेल, मग झाड कोण घेणार" हे ठरलेलं उत्तर. इथे माळीकाम करणारे एक मामा आहेत, ते स्वतःच विचारतात, काढू का बाहेर? पिशवी आडवी पाडतात, हलक्या हातानं झाड सरकवून बाहेर घेतात, अंगठ्यानं गड्डा चारी बाजूंनी दाबून दाखवतात. घट्ट लागला पाहिजे, कुठे मऊ लागलं किंवा आंबूस वास आला तर ते झाड ते स्वतःच बाजूला ठेवतात. माझ्यासमोर मामांनी एका बाईंना, बाईंनी स्वतः पसंत केलेलं झाड दिलं नाही, म्हणाले ताई हे नका घेऊ, हे पावसाळा काढणार नाही. मालक शेजारीच उभा होता, काही बोलला नाही. अशा दुकानदाराला स्टार द्यायचे नाहीत तर कोणाला?

अजून एक. मातीच्या वरच्या थरात कधीकधी पोवळ्यासारखे गाठीगाठीचे झुपके दिसतात, वरच्या दिशेनं वाढलेले. ते बघून गिऱ्हाईक घाबरतं, कीड लागलीय म्हणतं, आणि घरी नेऊन साफसफाई करताना कात्रीनं कापून टाकतं. ती सायकसची खास मुळं असतात, त्यांच्यात निळे-हिरवे जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. मामांना जिवाणू बिवाणू माहीत नाही, पण "ती गाठ त्याची खानावळ आहे, हात लावू नका" हे ते प्रत्येकाला बजावतात, आणि मला वाटतं यापेक्षा चांगलं समजावता येणार नाही.

आता माल काय आहे ते. सगळ्यात जास्त अर्थातच सायकस रिव्होल्युटा, ज्याला सगळे सागो पाम म्हणतात. मूळचं जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचं झाड, आणि पामशी त्याचं काही नातं नाही, पाइन-देवदार हे त्याचे लांबचे भाऊबंद. भाव गड्ड्याच्या घेरावर ठरतो, पानांच्या लांबीवर नाही, हे बरोबर आहे. पिल्लं दीडशे-दोनशेला, मूठभर गड्ड्याचं तीनशे-चारशे, आणि फूट-दीड फूट खोड झालेलं असेल तर आकडा हजारांत जातो आणि तिथे घासाघीस करायची. महाग वाटेल, पण वाढीचा वेग बघा ना, वर्षाला पानांचा एखादा फुटवा, खूप लाड केले तर दोन. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं एक एन्सेफॅलार्टॉस (सायकसचं आफ्रिकन भावंड) आहे, ते अजून कुंडीतच आहे! तेव्हा दीड फूट खोडाचे पैसे म्हणजे कोणीतरी कित्येक वर्षं घातलेल्या पाण्याचे पैसे.

पिल्लांबद्दल इथे पद्धत चांगली आहे. आईपासून काढलेलं पिल्लू लगेच मातीत कोंबून विकत नाहीत, पानं छाटून, जखम सावलीत वाळवून, रेतीत अर्धं पुरून ठेवलेली वेगळी रांग आहे, आणि मुळं धरल्यावरच ती विक्रीला येतात. रांगेतलं हवं म्हटलं तर नाही म्हणतात. अर्थात मुळं धरायला महिनोन् महिने जातात, त्यामुळे स्टॉक कायम कमी.

नर-मादीच्या बाबतीतही प्रामाणिक आहेत. दुसऱ्या एका नर्सरीत मला छोट्या छोट्या दोन कुंड्या "जोडी आहे साहेब, एक नर एक मादी" म्हणून चढ्या भावात दाखवल्या होत्या. अहो, शंकू येईपर्यंत सायकसचा नर कुठला आणि मादी कुठली हे झाडालाच विचारावं लागेल, आणि बियांपासून वाढवलेल्या झाडाला त्यासाठी दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. नराला उभा लांब पिवळट शंकू येतो, मादीच्या डोक्यावर मऊ लव असलेल्या पाकळ्यांचा घुमट तयार होतो आणि त्यात पुढे नारिंगी-लाल बिया दिसतात. आधी कळायचा एकच खात्रीचा मार्ग, पिल्लू घ्यायचं, कारण ते आईचंच (किंवा बापाचंच) लिंग घेऊन येतं. इथे मागच्या बाजूला शंकू येऊन गेलेली जुनी झाडं आहेत आणि त्यांची पिल्लं नर-मादीच्या वेगळ्या खुणेनं ठेवतात, त्याचा जादा दर लावतात तो मला मान्य आहे. त्या जुन्या झाडांची पानं मात्र कायम भादरलेली दिसतात, कारण लग्नाच्या सीझनमध्ये मांडव आणि बुकेवाले पानं घेऊन जातात. दिसायला वाईट दिसतं पण धंदा आहे, चालायचंच.

रिव्होल्युटा सोडून सायकसच्याच खानदानातलं झामिया फुरफुरासिया बऱ्यापैकी असतं, जाड पुठ्ठ्यासारख्या पानांचं, मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ किनाऱ्याचं. टेरेसवरच्या उन्हाला आणि वाऱ्याला हे फार सोसतं, नवशिक्यांनी खरं तर याच्यापासून सुरुवात करावी. त्याच खानदानातलं डायून एड्यूल कधीमधी एखादं.

आता पाचवा स्टार. पाट्या! पाट्यांचा निव्वळ गोंधळ आहे. झामियाच्या शेजारी झेडझेड प्लांट ठेवलाय आणि दोघांवर एकच पाटी, का तर त्याच्या शास्त्रीय नावात झामिया येतं. झेडझेड हे अळूच्या घराण्यातलं झाड आहे हो, त्याचा सायकसच्या खानदानाशी काय संबंध. हे एक वेळ हसून सोडून देऊ, पण "सायकस सर्सिनॅलिस" म्हणून जे उंच खोडाचं झाड विकतात ते गंभीर आहे. सर्सिनॅलिस हे आपल्या पश्चिम घाटातलं झाड, धोक्यात आलेल्या प्रजातींत मोडणारं, आणि जगभर नर्सऱ्यांमध्ये त्याच्या नावावर सायकस रम्फी आणि इतर चुलतभाऊच खपवले जातात. मी मालकाला विचारलं हे कुठून आलं, तर "वरून आलं". वरून म्हणजे कडियमहून की जंगलातून? जंगलातून उकरलेलं असेल तर मला ते फुकट पण नको. संग्राहकांनी हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे, कारण झाडाच्या बुंध्याशी जुन्या पानांचे ओबडधोबड ठसे, जळल्याच्या खुणा, तुटकी जाड मुळं असं सगळं दिसलं तर ते नर्सरीत वाढलेलं नसल्याची शंका घ्यायची. तिरुमलाच्या डोंगरातलं सायकस बेडोमी तर वन्यजीव कायद्याच्या यादीतच आहे आणि एन्सेफॅलार्टॉसच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सगळ्यात कडक यादीत आहेत, तेव्हा कोणी कागदाशिवाय "आफ्रिकन सायकस" देतो म्हणाला तर हात जोडून निघायचं. ही नर्सरी ते ठेवत नाही, एवढं त्यांच्या बाजूनं.

"डायनासोरच्या काळचं झाड" हा बोर्ड पण तिथे लावलाय. घराणं तेवढं जुनं आहे, खरंय, पण आज जगात ज्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत त्यातल्या बहुतेक गेल्या साधारण सव्वा कोटी वर्षांतच तयार झाल्यात. म्हणजे डायनासोरनं तुमच्या कुंडीतलं सायकस काही खाल्लं नव्हतं. असो, बोर्डामुळे पोरं फोटो काढतात.

दुसरी तक्रार, विषाबद्दल कोणी काही बोलत नाही. सायकसचा प्रत्येक भाग विषारी आहे, बिया सगळ्यात जास्त, आणि कुत्र्यानं चघळल्या तर लिव्हर जाऊन दगावू शकतं. घरात कुत्रं किंवा रांगतं पोर असणाऱ्या माणसाला हे गल्ल्यावर सांगायलाच हवं. मी मालकाला बोललो, तो हो हो म्हणाला, पुढच्या वेळी गेलो तरी तेच.

कीड. घेताना पान उलटं करून बघा, मागे पांढरा चुन्यासारखा थर असेल तर तो स्केल, म्हणजे खवले कीड आहे, ते झाड घरी नेलं की बाकीच्यांना पण लागणार आणि तो मुळांपर्यंत उतरतो. इथे मला तो फारसा दिसला नाही. पण मे-जूनमध्ये गेलात तर नव्या फुटव्याची चाळण झालेली दिसेल, ते काम प्लेन्स क्यूपिड नावाच्या चिमुकल्या निळसर फुलपाखराच्या अळ्यांचं. फुलपाखरू फक्त कोवळ्या फुटव्यावर अंडी घालतं, अळ्या दोन-चार दिवसांत सगळं फस्त करतात, वर मुंग्या त्यांची राखण करतात. पान एकदा कडक झालं की त्यांचे दात लागत नाहीत, म्हणून फुटवा दिसला की पान कडक होईपर्यंत मच्छरदाणीचं कापड टाकायचं, एवढंच. नर्सरीवाले मात्र कसलंतरी उग्र औषध मारतात, वास येतो, त्यामुळे घरी आणल्यावर झाड काही दिवस वेगळं ठेवा.

त्यांची माती आणू नका हेही सांगतो. सायकससाठी म्हणून जी तयार पिशवी देतात त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठासून भरलेलं असतं, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ओलं राहतं. मुरूम, जाड रेती, विटांचे तुकडे आणि थोडं कुजलेलं शेणखत, यात झाडं खूश असतात. गड्ड्याचा वरचा भाग मातीच्या वर ठेवायचा. आणि फुटवा उलगडत असताना कुंडी फिरवायची नाही, पानं वाकडी होतात आणि मग वर्षभर ती तशीच बघावी लागतात.

डिलिव्हरी आहे पण मोठं झाड टेम्पोत आडवं टाकतात, पानं मोडतात, आपण समोर उभं राहून पानं सुतळीनं वर बांधून घ्यायची. युपीआय चालतं, पक्कं बिल मागितलं तर मिळतं, न मागता मिळत नाही. रविवारी दुपारी गर्दी फार, पार्किंग रस्त्यावरच आणि ट्रक अगदी अंगावरून जातात, त्यापेक्षा वीकडेला सकाळी जा, तेव्हा मामा पण निवांत असतात. ते नसतील तर मात्र मोठी खरेदी करू नका, बाकीच्या पोरांना पिशवी काढायची जाम घाई असते.