स्क्रॅचसाठी गोल टिपची सुई, आठ महिने वापरून

आठ महिने झाले, रोज दीड-दोन तास टर्नटेबलवर स्क्रॅच करतोय (रेकॉर्ड हाताने पुढेमागे ढकलून आवाज काढतोय), म्हणून आता लिहितो. आधी एलिप्टिकल टिपची सुई होती, आवाज खरंच स्वच्छ, हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) अगदी सुटे सुटे ऐकू यायचे, पण बॅक-क्यू केलं (रेकॉर्ड हाताने उलटी फिरवून सुरुवातीच्या जागी आणली) की सुई ग्रूव्ह (रेकॉर्डवरची खाच) सोडायची आणि जिथून गाणं सुरू करायचो नेमकी तीच जागा दोन आवडत्या रेकॉर्ड्सवर खरखरायला लागली. ती खरखर आता जाणार नाही, अजून वाईट वाटतं.

एलिप्टिकल टिपच्या कडा बारीक असतात, म्हणून ती ग्रूव्हमधले बारकावे छान वाचते, पण रेकॉर्ड उलटसुलट ढकलायला गोल म्हणजे स्फेरिकलच बरी. सगळे जुने लोक शुअर कंपनीचं एम ४४-७ कार्ट्रिज (ज्यात सुई बसते तो भाग) सांगतात, पण शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजच बंद केली, (जिको ही कंपनी त्याला बसणाऱ्या सुया बनवते, ज्यांच्याकडे ते कार्ट्रिज आहे त्यांनी फेकू नका). मी ऑर्टोफॉन कंपनीचं गोल टिपचं कॉनकॉर्ड एमके २ स्क्रॅच कार्ट्रिज घेतलं.

सुरुवातीला रेकॉर्ड झिजेल या भीतीने सुईचं रेकॉर्डवरचं वजन अडीच ग्रॅमच ठेवलं आणि सुई सारखी उडायची, मला वाटलं कार्ट्रिजच पटत नाहीये. कंपनी ४ ग्रॅम सांगते, तेवढं केल्यावर त्रास संपला. उडून परत आदळणारी सुई रेकॉर्डची जास्त वाट लावते हे तेव्हा कळलं. कार्ट्रिज बदललं की टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आधी तरंगत बॅलन्स करा, मगच काउंटरवेटचा (दांड्यामागच्या फिरत्या वजनाचा) आकडा शून्यावर आणून वजन द्या, जुना आकडा चालत नाही. स्क्रॅच करताना अँटी-स्केट (दांड्याची आत जाण्याची ओढ कमी करणारी सेटिंग) मी शून्यावरच ठेवतो. आउटपुट १० मिलिव्होल्ट आहे, म्हणजे चांगलाच दणदणीत, मिक्सरचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) खाली घ्यावा लागला, नाहीतर आवाज फाटतो.

टाइमकोड (कॉम्प्युटरमधलं गाणं चालवणारी सिग्नलची रेकॉर्ड) वाजवणाऱ्यांनी तर एलिप्टिकलच्या मागे लागूच नका, तिथे सुईने फक्त सिग्नल न सोडता वाचायचा असतो.

सातव्या महिन्यात गाण्यातले 'स' आणि 'श' फसफसायला लागले, आधी रेकॉर्ड धुतली, तरी तेच. फक्त सुई ओढून नवी बसवली आणि आवाज जागेवर आला. एलिप्टिकल मी ठेवली आहे, रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेताना तीच लावतो, पण तेव्हा प्लॅटरला (फिरणाऱ्या थाळीला) हात लावत नाही.