ड्वार्फ फोर्ट्रेस: नुसत्या फर्निचरसाठी सुद्धा घ्यावी अशी गेम

ड्वार्फ फोर्ट्रेसचा विषय निघाला की सगळे गॉब्लिन नावाच्या शत्रूंचे हल्ले, लाव्हा आणि आपला किल्ला कसा बुडाला तेच सांगतात. मला इथे फक्त फर्निचरबद्दल लिहायचंय, पलंग, टेबल, कपाट, दरवाजे, कारण माझ्या मते या गेमचा जीव तिथेच आहे आणि त्याच्यावर कोणी मनापासून बोलत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांनी बनवलेली गेम आहे, २००६ पासून फुकट मिळतेय, पण त्यात सगळं अक्षरांच्या आणि चिन्हांच्या भाषेत दिसायचं. डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर चित्रं, माऊस आणि म्युझिकवाली आवृत्ती आली, हा रिव्ह्यू तिचा आहे. सात ड्वार्फ, म्हणजे गोष्टीतले बुटके लोक, घेऊन डोंगरात किल्ला खोदायचा, वसवायचा आणि जमेल तितकी वर्षं टिकवायचा. तुम्ही कोणालाच थेट हलवत नाही, फक्त काम सांगता, ते आपापल्या मनाने करतात.

फर्निचर बनवणं सुरू होतं सुताराच्या वर्कशॉपपासून, कारण पलंग लाकडाचाच लागतो, बाकी टेबल खुर्ची दरवाजा कपाट दगडाचं पण होतं धातूचं पण होतं, पलंग मात्र नाही. आणि किल्ला डोंगराच्या पोटात, झाडं वर उघड्यावर, म्हणजे पहिल्याच वर्षी कोणीतरी कुऱ्हाड घेऊन बाहेर जाणार आणि तेव्हाच नेमकं काहीतरी अंगावर येणार. त्यात झाडांना जपणारे एल्फ लोक झाडं किती तोडायची यावर मर्यादा घाला म्हणून सांगायला येतात, त्यांच्या व्यापाऱ्यांना चुकून लाकडी वस्तू दाखवली तर नाराज होतात. एका पलंगामागे एवढं राजकारण. पुण्याच्या भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन ज्यांनी कधी सागाचा भाव विचारलाय त्यांना लाकूड जपून वापरायची ही सवय लगेच लागेल. पुढे जमिनीखालच्या गुहा उघडल्या की तिथे झाडाएवढ्या मोठ्या अळंब्या वाढतात, त्यांचं पण लाकूड चालतं, मग वर जायची गरज कमी होते.

दगडाचं काम मला जास्त आवडतं. प्रत्येक दगडाचा रंग वेगळा, मायक्रोक्लाइन नावाच्या दगडाचं टेबल चक्क निळंशार दिसतं, आणि बसॉल्ट मिळाला की मी बाकी सगळं बाजूला ठेवतो. सिंहगड चढताना आपल्या पायाखाली असतो तोच काळा पाषाण, त्याच्या खुर्च्या, त्याचेच दरवाजे, पूर्ण भोजनगृह काळं. गेमच्या हिशोबात बसॉल्टला काही खास भाव नाही, साध्या दगडाचाच, तरी मी तोच वापरतो.

आता भावाचा विषय निघालाच आहे तर हे नीट समजून घ्या, कारण सगळी मजा इथे आहे. प्रत्येक वस्तूची किंमत दोन गोष्टींवर ठरते, माल कोणता आणि हात कोणाचा. नवशिक्याने केलेलं टेबल साधं असतं, जसा हात बसत जातो तशी पायरी वाढते, दुप्पट तिप्पट चौपट पाचपट आणि सगळ्यात वरचा उत्कृष्ट नमुना थेट बारापट. साध्या दगडाच्या टेबलाची किंमत १० धरली तर उस्तादाच्या हातचं १२० चं होतं. पण तेच टेबल सोन्याचं केलं तर अगदी कच्च्या हाताने केलेलं सुद्धा ३०० चं, कारण सोन्याचा गुणक ३० आहे. म्हणून घाईत असलेले लोक सोनं चांदी ओततात आणि मोकळे होतात. मला ते पटत नाही. एकाच सुताराला एकच वर्कशॉप देऊन ठेवावं, त्याला मधे दुसरी कामं सांगू नयेत, आणि त्याचा हात सुधारताना बघावा, यात जे समाधान आहे ते सोन्याच्या टेबलात नाही.

आणि हे आकडे नुसते आकडे राहत नाहीत. ड्वार्फ येता जाता चांगली वस्तू बघतो आणि खरंच खूष होतो, त्याच्या मनात काय चाललंय ते वाचलं की तिथे लिहिलेलं असतं. जेवायला टेबल नसेल तर ते पण मनात राहतं. प्रत्येकाची आवड वेगळी, एकाला ओक आवडतो, एकाला कपाटंच आवडतात. महापौर आणि सरदार लोकांना खोली किती भारी हवी, त्यात पेट्या किती, कपाटं किती, चिलखताचे स्टँड किती, सगळं ठरलेलं असतं, आणि त्यांच्यापेक्षा खालच्या कोणाची खोली जास्त छान निघाली तर त्यांचा जळफळाट होतो. माझा रूममेट आर्किटेक्चरला आहे, कोथरूडच्या फ्लॅटवर आम्ही रात्री एकत्र बसतो तेव्हा तो भिंती गुळगुळीत करून त्यावर कोरीवकाम करायच्या मागे लागतो कारण त्याने पण खोलीची किंमत वाढते, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे, नुसतं फर्निचर कोंबून खोली होत नाही.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल मी एवढं का लिहितोय. आमच्या किल्ल्यात एक पाथरवट होता, सुरुवातीच्या सातांपैकी, भोजनगृहातली जवळजवळ सगळी टेबलं त्याच्या हातची. एका वेढ्यात बाहेर राहिला आणि मारला गेला, प्रेत परत आणता आलं नाही. या गेममध्ये दफन झालं नाही तर तो भूत होऊन किल्ल्यात फिरतो, आणि प्रेत नसेल तर एकच उपाय, दगडाची स्मृतिशिळा घडवायची, त्यावर त्याचं नाव कोरून घ्यायचं आणि ती उभी करायची. शिळेवर कोणाच्या स्मरणार्थ, जन्म कधीचा, मरण कसं आलं ते येतं. आपल्याकडे गावच्या देवळाबाहेर वीरगळ असतो ना, अगदी तसं. आम्ही बसॉल्टची शिळा केली, भोजनगृहाच्या दारातच लावली, आणि शेजारी पुतळा, आता पुतळ्यात कोण दाखवायचं ते आपण ठरवू शकतो म्हणून त्याचाच. शवपेटी, शिळा, पुतळा हे सगळं पण त्याच फर्निचरच्या यादीत येतं, पलंगाच्या आणि खुर्चीच्या बरोबरीने, हा विचार ज्यांनी केला त्यांना मानलं पाहिजे.

त्याशिवाय कधीतरी एखादा कारागीर झपाटल्यासारखा होतो, वर्कशॉप बळकावून बसतो, अमुक दगड तमुक हाड आणा म्हणतो, नाही मिळालं तर वेडा होऊन मरतो आणि मिळालं तर जगात एकच असेल अशी वस्तू करतो, तिला स्वतःचं नाव असतं. दगडी पलंग मिळायचा तर असाच मिळतो.

आता जे खटकतं ते. वस्तू मांडायची पद्धत कंटाळवाणी आहे. सगळ्यात जवळची वस्तू वापरा असा पर्याय असतो पण मग महापौराच्या खोलीत एखादी रद्दी खुर्ची जाऊन बसते, आणि हाताने निवडायचं तर लांबलचक यादी उलगडत बसा. पन्नास खोल्या सजवताना जीव जातो. खोल्या आखायला मात्र मल्टी नावाचं बटण आहे, भिंतींनी बंद केलेल्या आणि आत पलंग असलेल्या सगळ्या खोल्या एका झटक्यात बेडरूम होतात, ते जरूर वापरा. दुसरं, किल्ला मोठा झाला की गेम संथ होते, चांगल्या पीसीवर पण. लोकसंख्येची मर्यादा मुळात २०० असते, सेटिंगमध्ये जाऊन ती ८० वगैरे करा. तिसरं, वाचन भरपूर आहे, इंग्रजी मजकूर सतत वाचायची तयारी हवी.

न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने २०१२ मध्ये पहिल्यांदा व्हिडिओ गेम्स संग्रहात घेतल्या त्यात ही होती, आणि तेव्हा तर चित्रं पण नव्हती. मी म्हणेन केळकर म्युझियममध्ये अडकित्त्यासारख्या रोजच्या वस्तूवरची कलाकुसर बघत जे लोक थांबतात त्यांनी डोळे झाकून घ्यावी. ज्यांना दहा मिनिटांत अ‍ॅक्शन हवी त्यांनी आधी फुकटची क्लासिक आवृत्ती उतरवून बघावी, अक्षरांचीच आहे पण आतली गेम तीच. सुरुवात करताना पहिल्या हिवाळ्याच्या आत सात पलंग, एक टेबल आणि बंद होणारा दगडी दरवाजा एवढं करून घ्या, एका ड्वार्फला मॅनेजर नेमून पलंग पाचपेक्षा कमी झाले की नवीन करा अशी ऑर्डर लावून टाका, कारण बाहेरून नवीन लोक येतात तेव्हा विचारून येत नाहीत.