नाताळकार्डांचा संच: स्टॅम्प झकास, कागदाचं माप चुकलेलं

घरी स्टॅम्प मारून नाताळकार्डं करायच्या एका संचातला काळ्या शाईचा पॅड कोरडा निघाला, त्यावरून विकणाऱ्यांशी वाजलं, आणि म्हणून हे लिहायला बसले. पण पॅडचं नंतर. माझा खरा राग कागदावर आहे.

संचात काय येतं ते आधी सांगते. नाताळचे पारदर्शक पॉलिमर स्टॅम्प, ते चिकटवून धरायचा ॲक्रिलिकचा ठोकळा, काळी आणि लाल शाई, आणि सहा बाय सहा इंचाच्या नक्षीच्या कागदांचं २४ पानी पॅड. पावसाळ्यात सवलत लागली तेव्हाच मागवून ठेवला. आम्हा वसईकरांकडे आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे साधारण चार आठवडे, सुरू झाला की गोठा, तारे, फराळ, गीतांचा सराव असं सगळं एकदमच येतं. कार्डं तेव्हा करायला घेतली तर पुरी होत नाहीत.

तर कागद. आपल्याकडे जाड कार्डशीट मिळते ती ए४. तिची दोन कार्डं निघतात, प्रत्येक घडी घातल्यावर १०५ बाय १४८ मिलिमीटर, म्हणजे ए६. पाकिटंही त्याच मापाची सहज मिळतात. आता या कार्डाच्या दर्शनी बाजूवर चारी बाजूंनी पाच मिलिमीटर पांढरी कड सोडून नक्षी चिकटवायची, तर तुकडा लागतो ९५ बाय १३८. सहा इंची चौकोनातून असा एकच तुकडा निघतो, आणि उरतं काय? जवळजवळ ४४ टक्के कागद! मोजून बघा. इतक्या सुंदर कागदाच्या (गडद हिरव्यावर सोनेरी पानांचा तर मला फार आवडला) अशा पट्ट्या पडलेल्या बघवत नाहीत. पॅड साडेआठ बाय सहा इंचाचं केलं असतं, तर एका पानात दोन तुकडे बसून कचरा जेमतेम पाचवा हिस्सा झाला असता. माप ठरवताना कुणीतरी पट्टी धरून एवढं बघायला हवं होतं.

सुरुवातीच्या महिन्यांत माझं मत हेच होतं, की पैसे अर्धे वाया. ते बदललं ते नक्षी पूर्ण झाकायचा हट्ट सोडला तेव्हा. सहा इंची पान मधोमध उभं कापलं की ७६ मिलिमीटर रुंदीचे दोन पट्टे होतात. पट्टा कार्डाच्या उजव्या कडेला लावायचा, वरखाली मिळून चार मिलिमीटर छाटायचं. डावीकडे २९ मिलिमीटरची कोरी उभी जागा राहते, आणि स्टॅम्प तिथे. एका पानात दोन कार्डं, एका पॅडमध्ये ४८. वाया जाते ती नखाएवढी पट्टी. शिवाय कार्ड आधीपेक्षा चांगलं दिसतं, कारण स्टॅम्पला कोरी जागाच लागते. नक्षीवर मारलेला तारा किंवा घंटा शोधावी लागते, अक्षरं तर वाचताच येत नाहीत. संचाच्या डब्यावरच्या फोटोत मात्र नक्षीवरच शुभेच्छा छापलेल्या आहेत. तसं करायला जाऊ नका.

आधीच्या उरलेल्या पट्ट्याही कामी आल्या. एकेक सेंटिमीटर रुंदीच्या कापून, लांबी कमी कमी करत एकावर एक आडव्या लावल्या की झाड होतं. शेजारच्या मुलांनी या झाडांची कार्डं सगळ्यांत आधी उचलली.

कार्डशीट कापतानाची एक गोष्ट कुणी सांगत नाही. ए४ आडवी मधोमध कापा, म्हणजे दोन ए५ होतील, आणि मग घडी घाला. उभी कापून लांबट पट्टीची घडी घातलीत तर बहुतेक शीटांची घडी फाटल्यासारखी होते, कारण कागदाचे तंतू लांबीच्या दिशेला असतात आणि घडी त्यांना आडवी जाते. घडीच्या जागी आधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या.

स्टॅम्पबद्दल मला तक्रार नाही. नवे स्टॅम्प शाई धरत नाहीत, शाई वर मण्यांसारखी गोळा होते आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा उमटतो. साध्या पेन्सिलीच्या खोडरबराने स्टॅम्पचा पृष्ठभाग हलका घासला की हा त्रास जातो. ही एक ओळ माहितीपत्रकात हवी होती. स्टॅम्प पॅडवर दाबण्याऐवजी पॅडच उलटा धरून स्टॅम्पवर हलके हलके टेकवत फिरवा, आणि कार्डाखाली माउसपॅड किंवा वर्तमानपत्राची जाडसर घडी ठेवा. खाली लवचीक काही असलं की कोपरेही उमटतात. ठोकळ्याला चिकटेनासे झाले की साबणाच्या पाण्यात धुवायचे, पुन्हा चिकटतात. लाल शाईने ते गुलाबी पडलेत, त्याने ठशाला काही होत नाही. उन्हात मात्र ठेवू नका.

शाई दोन जातीची आहे, हे डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलंय. काळी डाय, म्हणजे कागदात मुरून लगेच वाळणारी. लाल पिगमेंट, म्हणजे कागदावर बसणारी. ती खाकी कागदावरही झळझळीत दिसते, पण वाळायला वेळ घेते. जुलैत आमच्याकडच्या हवेत दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होती. लालचं काम पाऊस सरल्यावर काढा.

संचातल्या शुभेच्छा सगळ्या इंग्रजीत. आमच्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, गाणी मराठीत, मग कार्डावर इंग्रजी का? स्टेशनजवळ ऑफिसचे शिक्के करून देणारा आहे, त्याच्याकडून ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ असा उभा शिक्का करून घेतला, तीन ओळींत, २९ मिलिमीटरच्या जागेत बसेल असा. पहिल्या नमुन्यात अक्षरं बारीक होती, ‘र्दि’चा रफार आणि वेलांटी एकमेकांत भरून गेले. अक्षर वाढवलं, वळण जाड न घेता मोकळं घेतलं, आणि लख्ख उमटलं. खर्च संचातल्या एका शाईच्या पॅडपेक्षा कमी आला. मावशीने कार्ड हातात घेतल्यावर आधी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. संच करणाऱ्यांनी असा एक मराठी स्टॅम्प आत टाकला तर आमच्या अख्ख्या पॅरिशमध्ये (चर्चच्या वस्तीत) तो खपेल.

आता ते भांडण. काळा पॅड उघडला तर कोरडाठक्क. तक्रार केली, उत्तर आलं: सील फोडल्यावर शाई परत घेत नाही. अहो, सील फोडल्याशिवाय पॅड कोरडा आहे हे कळणार कसं? हेच विचारलं तर तेच उत्तर पुन्हा, शब्दही न बदलता. फोटो पाठवले, फोनवर बोलले, चिकाटी सोडली नाही. शेवटी पॅड काही बदलून दिला नाही, त्याच शाईची छोटी बाटली पाठवली. रागानेच उघडली ती. पॅडवर थेंब टाकून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पसरवले, रात्रभर झाकून ठेवला. आज तो पॅड लालपेक्षा चांगला चालतो, आणि बाटली अजून अर्धीही संपलेली नाही. त्यांच्या वागण्याला मी एकही तारा देणार नाही, शाईला मात्र पाच.

शेवटचं, टपालाचं. कार्ड आणि टपाल यांची सांगड जुनीच आहे. ब्रिटनमध्ये १८४० साली पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत पत्र पोचवणारं टपाल, सुरू झालं, आणि ते रुजवण्यात हात असलेल्या हेन्री कोलनेच १८४३ मध्ये पहिलं विक्रीचं नाताळकार्ड काढलं, किंमत एक शिलिंग. आपल्याकडे साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी पाच. ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्ड नऊ ग्रॅमच्या वर, नक्षीचा पट्टा पावणेदोन, पाकीट चार-पाच. म्हणजे सोळाच्या आसपास. यावर फोम टेपने उचललेला जाड थर आणि आत लिहायला वेगळा कागद घातला की वीस ओलांडलेच. पाकीट बंद करण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. मी फोम टेप हाताने द्यायच्या कार्डांपुरतीच ठेवली आहे.

पुढच्या वर्षी अख्खा संच घेणार नाही. स्टॅम्प आहेतच, ते वर्षानुवर्षं टिकतील. नक्षीचे कागद सुटे, ए४ मापाचे घेईन, म्हणजे एकातून चार पट्टे निघतील. आणि काळ्या शाईची फक्त बाटली.