डी अँड डी, तीन पोरं आणि एक भुकेला गॉब्लिन : आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात अमळनेरला सकाळी अकरानंतर पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. घरात माझी मुलगी (पाचवी), धुळ्याहून सुट्टीला आलेला भाचा (सातवी) आणि शेजारचा तिसरीतला बारक्या, जो फक्त झोपायला स्वतःच्या घरी जातो. मोबाईलवरून रोज मारामारी. शेवटी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा 2014 चा नवशिक्यांचा डबा मागवला. यात एक जण ‘मास्टर’ होऊन गोष्ट सांगतो, तो मी; बाकीचे एकेक पात्र होऊन काय करायचं ते ठरवतात. 32 पानी नियम, 64 पानी मोहीम (म्हणजे तयार गोष्ट), पाच तयार पात्रं, सहा फासे. डबा चेपलेला आला, विकणाऱ्याने फोन उचलला नाही. ते जाऊ द्या.

फासे बघून आई म्हणाली, “माय वं, पोरांना जुगार शिकवतो का?” 1974 पासून जगभर खेळतात, म्हटलं. तिला त्याचं काही नाही.

पहिला रविवार वायाच गेला. पात्रांच्या इंग्रजी पत्रकावरचे रकाने समजावण्यातच दीड तास गेला, बारक्या झोपला. मग पत्रकं बाजूला ठेवून पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर सहाच गोष्टी मराठीत लिहिल्या: ताकद, चपळाई, दम, डोकं, शहाणपण, छाप. पुढे कळलं की 2023 पासून मूळ नियमांचा बराच भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, म्हणजे असं मराठीकरण बिनधास्त करता येतं. आता मी फक्त विचारतो, “काय करतोस?” उत्तर सोपं असेल तर फासा नाही. अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि मी ठरवलेला आकडा गाठायचा.

डब्यातली मोहीम तिसऱ्या आठवड्यात सुटली. भाच्याला जंगल हवं होतं आणि त्याने पाहिलेलं जंगल सातपुड्याचं. मग गॉब्लिन, म्हणजे खेळातले बुटके दुष्ट राक्षस, पाल गावच्या जंगलात आले, नदी तापी झाली आणि फरकांड्याचे झुलते मनोरे गोष्टीत शिरले. एक हलवला की दुसराही हलतो, असं त्यांच्याबद्दल सांगतात. एका मनोऱ्यावर गॉब्लिन पहारा देत होता. माझी तयारी जिना, कुलूप, लढाई अशी. मुलगी म्हणाली, “आम्ही त्याच्या मनोऱ्यावर जातच नाही. दुसरा हलवतो.” मी गप्प. पंधरा लागतील म्हटलं. भाचा मदतीला उभा राहिला, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. पहिला पडला चार. दुसरा खाटेखाली गेला, तिघं पालथे पडून बघतात तर सतरा! बारक्याने अंगण डोक्यावर घेतलं. रात्री भाच्याने वहीत हिशोब मांडला: एका फाशाला पंधरा किंवा जास्त पडायची शक्यता 30 टक्के, दोन असले तर 51. शाळेच्या गणिताला हा पोरगा हात लावत नाही.

खाली पडलेल्या गॉब्लिनला मारायचं की बांधायचं यावर वाद पेटला. आई तुरी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “आरे, भूक लागेल व्हई त्याले. भाकर द्या.” कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन गॉब्लिन फितूर झाला. कुठल्या नियमात बसतं माहीत नाही, मी मान्य केलं.

तक्रारीही आहेत. पात्र मरतं तेव्हा आठ-नऊ वर्षांचं पोर खरंच रडतं. बारक्या दोन दिवस आमच्याकडे आला नाही. तेव्हापासून आमच्याकडे कोणी मरत नाही. बेशुद्ध पडतो, दुसऱ्याने पाठीवर घेऊन यायचं. लढाई तिघांची असली तरी लांबते, ज्याची पाळी नाही तो खाटेवर कोलांट्या मारतो. दीड तासापुढे खेचू नका. चार बाजूंचा फासा अनवाणी पायाखाली आला की खेळ शोधणाऱ्याचा उद्धार होतो. आणि मास्टरची तयारी हे घरकामच आहे, शनिवारची रात्र त्यात जाते.

जूनपासून भाचा धुळ्याहून व्हिडिओ कॉलवर खेळतो. फासा तोच टाकतो, तोच वाचतो. अठराच्या खाली क्वचित येतो. मी काही बोलत नाही, मुलगी बोलते.

नव्याने सुरू करणाऱ्याने आधी डबा घेऊच नये असं माझं मत. सात फाशांचा संच तीन-चारशेत मिळतो, प्राथमिक नियम फुकट उतरवता येतात. पाचवीच्या आतली पोरं असतील तर लढाईचे नियम अर्धे करा.

सध्या मंडळी लळिंगच्या किल्ल्याखाली मुक्कामाला आहेत. बारक्याला तो गॉब्लिन वाटाड्या म्हणून कायमचा हवाय, नावही ठेवलंय, भाकऱ्या. रविवारच्या आत मला त्याचा पुठ्ठा करायचाय, आणि त्याची छाप किती लिहावी यावर घरात एकमत नाही.