शिकण्याचं ॲप, वर्षभर वापरून: ती पट्टी बंद होत नाही म्हणजे नाहीच

परवा दुसऱ्या वर्षाची वर्गणी आपोआप कापली गेली. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, 'मेसेज पाठवला होता मॅडम.' बरं, पैसे घेतलेतच तर आता ऐका की.

फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत. आमच्या बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात नेट गेलं तरी डाऊनलोड केलेले धडे चालतात, हे मान्य. माझं भांडण पडद्याखालच्या अक्षरांच्या पट्टीशी, म्हणजे सबटायटल्सशी आहे.

हृदयाचा धडा बघा. निळा बाण उजव्या अलिंदातून, म्हणजे वरच्या कप्प्यातून, उजव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात उतरतो, तिथून फुप्फुसाकडं वळतो. चित्र झकास. पण सर बोलतात तेच अक्षर न् अक्षर खाली पळत असतं, वर मागं कसलीशी धून. पोरीचे डोळे पट्टीवर. रक्त फुप्फुसाकडं कुठून गेलं विचारलं, तर 'डाव्या निलयातून.' बाण वळलेला तिनं बघितलाच नव्हता!

डोक्यात एका वेळी मावतं थोडंच. शिक्षणाचे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्येच हे मांडलं. त्याच क्षेत्रातले रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत तर चित्र आणि आवाज असताना वर तीच वाक्यं लिहून दाखवली, की शिकणारे मागं पडले. ॲप बनवणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नाही काय?

मात्र कन्नडच्या धड्यांनी माझं मत थोडं हललं. मराठी माध्यमातल्या पोरांना कन्नड वाक्यात एक शब्द कुठं संपला नि दुसरा कुठं सुरू झाला, हे नुसतं ऐकून कळत नाही. तिथं हीच पट्टी उपयोगी पडली. म्हणजे पट्टी राहू दे, पण बंद करायला बटण द्या की ओ!

तोवर आमचा जुगाड: जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून टॅबच्या खालच्या कडेला चिकटवली. पॉजचं बटणही तिच्याखालीच गेलं, म्हणून तेवढ्यापुरती खाच पाडली. कन्नडला पत्रिका काढायची, विज्ञानाला लावायची.

चित्र चांगलं असलं तरी आडवं पडून बघितलं की डोक्यात काही राहत नाही. गॅव्रिएल सालोमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये सहावीतल्या मुलांबद्दल हेच लिहिलं: टीव्ही सोपा वाटतो म्हणून त्याला डोकं कमी लावतात, पुस्तकाला जास्त. आता आमच्याकडं बाण वळला की पॉज, आणि पुढचा रस्ता वहीत काढल्याशिवाय व्हिडिओ पुढं सरकत नाही. पोरगी कुरकुरते, पण चारही कप्पे न बघता काढते. ही सोय ॲपमध्ये नाही, माझ्या ओरडण्यात आहे.

दोन स्टार. त्यातला एक कन्नड शिकवणाऱ्या बाईंना.