शिसवाची टकळी, अकरा महिन्यांनी: चकती नव्हे, आकडा बघून घ्या

परवा दुपारी लोकर कातत होते. पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, संपत आला होता, तेवढ्यात धागा तुटला. टकळी शहाबादी फरशीवर आपटली आणि तिचा पितळी आकडा, म्हणजे धागा अडकवायची वाकवलेली तार, दांडीच्या टोकातून निखळून कपाटाखाली गेला. टकळी पडण्यात नवीन काही नाही, लोकर कातणाऱ्यांची ती दिवसातून दहा वेळा पडते. पण आकडा शोधून काढला, दांडीचं टोक खिडकीपाशी उजेडात धरलं आणि अकरा महिन्यांचा राग एकदम वर आला. आकड्यासाठी पाडलेलं भोक तिरकं होतं. नुसतं बघूनही कळावं इतकं तिरकं.

ही टकळी मी गेल्या फेब्रुवारीत मागवली. शिसवाची, हाताने घडवलेली, चकती वरच्या अंगाला, वजन 52 ग्रॅम, दांडी 26 सेंटीमीटर. 1,250 रुपये आणि वर कुरिअरचे 90. शाळेत सूतकताईला असायची त्या पितळी चकतीच्या टकळीशी तिची तुलना करू नका. ती कापसाची, हिच्यापुढे अगदीच हलकी. लोकरीला वजन लागतं, आणि आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला तर लागतंच. ही लोकर आखूड, भरड, मधे मधे केसासारखे ताठ तंतू. धागा जरा जाड ठेवला तरच 52 ग्रॅमचा भार पेलतो. बारीक कातायला गेलं की तुटलाच.

पहिल्या आठवड्यात मी खूश होते. दिसायला देखणी, हातात धरली की गुळगुळीत, तेल-मेण लावून घोटलेली. फिरवली की मात्र झोकांड्या खायची. झटका दिला की पाच-सहा सेकंद बरी फिरायची, मग दांडीचं खालचं टोक भोवंडायला लागायचं आणि चौदाव्या-पंधराव्या सेकंदाला उलटी फिरून दिलेला पीळ सोडायची. मी मोबाइल लावून मोजलं आहे, तेही एकदा नाही, रोज. वाटलं, आपला हात बसलेला नाही. महिनाभर हातालाच दोष दिला.

एप्रिलपर्यंत हात बसला, झोकांड्या तशाच. मग चकतीवर संशय घेतला. दोन स्टीलचे पेले शेजारी ठेवून दांडी त्यांच्या काठांवर आडवी टाकली. चकतीची एक बाजू दर वेळी खाली येऊन थांबायची. म्हणजे ती बाजू जड. 220 नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि ती बाजू थोडी थोडी घासत गेले. दोन ग्रॅम उतरवले. झोकांड्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. पावसाळ्यात आणखी वाढल्या, कारण दमट हवेत लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, उभं जवळपास फुगत नाही. गोल चकती त्यामुळे किंचित लंबगोल होते आणि दांडीवरही सारखी आवळत नाही. ऑगस्टात माझं मत पक्कं झालं होतं: शिसव कितीही भारी असो, टकळीला नको. तेव्हा हे लिहिलं असतं तर तसंच लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या शेतात मेंढरं बसवली होती. माण तालुक्यातला मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी कुटुंबं, कोकणात उतरायच्या वाटेवर. लोकर मिळेल का विचारायला गेले तर पोतंभर समोर ठेवली आणि पैसे घेईनात. कातरणीची मजुरीही सुटत नाही, माल कुणी उचलत नाही, बांधावर टाकूनच द्यायची, असं म्हणाले. ज्या लोकरीची घोंगडी माझ्या आजोबांनी आयुष्यभर पांघरली ती लोकर आज बांधावर पडते, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. पैसे मी आग्रहाने दिले.

त्या वाड्यातल्या म्हाताऱ्या आजी स्वतः कातायच्या. त्यांची टकळी बाभळीची, काळपट, चकतीचा एक टवका उडालेला. तरी मांडीवर घासून सोडली की दांडी जागची हलत नव्हती. माझी दाखवली. त्यांनी घासलेल्या चकतीकडे बघितलंच नाही. दांडी डोळ्यासमोर आडवी धरली, बोटाने फिरवली आणि म्हणाल्या, "बाई, चाक न्हाई गं, नाक बघ तिचं. नाक वाकडं हाय."

मला ते पटलं नव्हतं, हे कबूल करते. आकडा म्हणजे एवढीशी तार, तिच्याने काय होणार? पण लहानपणी भोवरा फिरवला असेल त्यांना हे सांगायला नको. आर, म्हणजे खालचा खिळा, वाकडी असली तर लाकूड कितीही गोल असो, भोवरा उड्या मारतो. टकळी तर त्या आकड्यावर लोंबकळते. धागा जिथे टेकतो तो बिंदू दांडीच्या बरोबर मध्यरेषेवर नसला तर प्रत्येक फेऱ्यात सगळा भार बाजूला ओढला जातो. माझ्या टकळीत तो बिंदू मधापासून दोन मिलिमीटर बाहेर आहे. परवा पट्टी लावून मोजलं. दोन मिलिमीटरपायी मी अकरा महिने चांगल्या शिसवाची चकती झिजवत बसले.

विकणाऱ्यांना फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की पडून झालेलं नुकसान बदलून मिळत नाही. मी म्हटलं, नुकसानीचं सोडा, भोक बघा. मग आलं, "हातकाम आहे ताई, उन्नीस-बीस होणारच." हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. हातकामाचे पैसे आपण रेषा सुंदर दिसतात म्हणून देत नाही. प्रत्येक नग कुणीतरी हातात घेऊन, फिरवून बघितलेला असेल, या भरवशावर देतो. ही टकळी बांधण्याआधी एकदा जरी धागा लावून सोडली असती तरी दोष दिसला असता. तिसऱ्या मेसेजला उत्तर नाही.

शेवटी दांडी घेऊन सातारच्या बाजारात कातारी आहेत त्यांच्याकडे गेले. लाटणी, रव्या, पोळपाट करणारे. टकळी त्यांनी आयुष्यात केलेली नव्हती, पण दोष लगेच ओळखला. दांडी स्थिर धरून गिरमिटाने भोक पाडलं की हात ढळतो. दांडी लेथवर फिरत असतानाच तिच्या टोकात भोक घेतलं तर ते मधोमधच पडतं. जुनं भोक लाकडाची काडी ठोकून बुजवलं, नवीन घेतलं. 30 रुपये झाले. घरी येऊन पितळी तार पक्कडीने वळवली, तिचा बाक दांडीच्या मधोमध येईल असा दहा वेळा निरखला आणि अॅरल्डाइटने बसवली.

पहिल्याच झटक्याला 33 सेकंद. तीच चकती, तेच शिसव.

म्हणून शिसवाबद्दलचं ऑगस्टातलं मत मागे घेते. पावसाळ्यात ते फुगतं हे खरं, पण त्याचा त्रास आकड्याच्या मानाने दहा टक्केही नाही. वजनही दख्खनी लोकरीला योग्य आहे. दांडीचं घोटकाम उत्तम, अकरा महिन्यांत कुठे कुसळ निघालं नाही.

त्याच कातारींकडून बाभळीच्या दोन चकत्याही कातून आणल्या, 40 रुपयांना एक. दांड्या मी घरी केल्या, कळकाची कामटी सुरीने गोल तासून. दांडी वरच्या टोकाकडे हळूहळू निमुळती ठेवली आणि चकती त्या टोकाकडून दाबून बसवली, गोंद न लावता. हवा बदलली की ती सैल होते, तेव्हा खाली दाबायची. पहिल्या दांडीत मीही भोक तिरकंच पाडलं, फेकून दिली. दुसरी साधली: 47 ग्रॅम, 29 सेकंद. लोकर आधी कोमट रिठ्याच्या पाण्यात न ढवळता भिजवायची, नाहीतर गोळा होऊन नमदा बनतो. पिंजायला मी कुत्र्यांचे केस विंचरायचे दोन ब्रश वापरते.

शिसवाच्या टकळीवर आता दुपदरी धाग्याचं काम चाललं आहे, कानटोपीपुरता झाला. बाभळीची दुसरी चकती राखून ठेवली आहे. पावसाळ्याआधी वाडा कोकणातून परतेल तेव्हा ती आजींना द्यायची आहे, त्यांच्या टवका उडालेल्या चकतीच्या जागी. दांडी मात्र त्यांचीच राहू दे, तिचं नाक सरळ आहे.